अठरा चालतं, एकोणीस बंद पडतं

बाईंचं पत्र टपालानं आलं तेव्हा ऑफिसात सगळे हसले. सॉफ्टवेअरच्या कंपनीला हातानं पत्र कोण लिहितं? साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "तुमचा प्रोग्राम मला वाक्याच्या मधेच गप्प करतो. मी तीन मेल पाठवले. तिन्ही वेळा 'काढून पुन्हा इन्स्टॉल करा' असं उत्तर आलं. तसं केलं तर मी दीड वर्षात जमवलेले शब्द जातात. कृपया माणूस पाठवावा." खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त शिक्षिका, भूगोल'.

"बाई चिवट दिसतात," साहेब म्हणाले. "तूच जाऊन ये."

हसणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो.

आमची कंपनी नऊ माणसांची. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही एक प्रोग्राम करतो. टॅब्लेटवर वाक्य लिहायचं, बटण दाबायचं, की टॅब्लेट ते बोलून दाखवतो. माणूस जे शब्द वापरतो ते प्रोग्राम लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी दोन अक्षरं लिहिली की अख्खा शब्द पुढे करतो. घशाचं ऑपरेशन झालेली, अर्धांगवायू झालेली, अशी साधारण दीडशे माणसं तो वापरतात. प्रोग्रामचा गाभा मी लिहिलेला आहे. त्याचा मला फार अभिमान होता.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी दार उघडलं, मानेला गुंडाळलेला रुमाल नीट केला आणि हातानंच 'या' म्हटलं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पृथ्वीचा गोल, त्याच्या शेजारी स्टँडवर टॅब्लेट. माझ्यासाठी खुर्ची आणि पाण्याचा ग्लास आधीच ठेवलेला. भिंतीवर नकाशा होता आणि त्याचे कोपरे इतक्या वेळा टाचण्या लावून फाटले होते की आता ते चिकटपट्टीनं धरले होते.

त्यांनी लिहिलं, आणि टॅब्लेट आमच्या त्या ओळखीच्या बायकी आवाजात बोलला, "उशीर झाला नाही, याबद्दल आभार."

शिक्षिकाच त्या.

पहिला तास मी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. टॅब्लेट ठीक होता, जागा भरपूर होती. प्रोग्राम बंद पडताना एक नोंद लिहून ठेवतो, ती बघितली तर कोरी. म्हणजे नोंद लिहायलाही त्याला वेळ मिळत नव्हता, चालता चालता माणूस कोसळावा तसा तो जात होता. बाईंना विचारलं, नेमकं काय केल्यावर होतं?

"ते कळलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? कधी दिवसभर होत नाही. कधी तासात तीनदा. दोन महिन्यांपासून."

मग एकच रस्ता उरला. जुन्या आवृत्त्या एकेक करून टाकून बघायच्या. बाईंना प्रोग्राम मिळाला तेव्हा बारावं व्हर्जन होतं, आता एकतिसावं. मधल्या कुठल्यातरी व्हर्जनात आम्ही काहीतरी घाण करून ठेवली होती. सगळी एकोणीस तपासायची गरज नसते. मधलं टाकायचं. ते बंद पडलं तर दोष त्यात किंवा त्याआधी, चाललं तर त्यानंतर. मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. बाईंच्या शब्दांच्या फाइलची मी एक प्रत काढून ठेवली, म्हणजे दर वेळी तीच मूळ फाइल घालून सुरुवात करता येईल.

"पण बाई, तुम्हाला बोलत राहावं लागेल," मी म्हणालो. "दर व्हर्जनला अर्धा तास. त्याशिवाय ते पडतं का कळणार नाही."

"काय बोलू?"

"काहीही. जे सुचेल ते."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "चौतीस वर्षं मुलांना गप्प बसा म्हणत आले. आता पगारी माणूस येऊन बोला म्हणतोय."

आधी बारावं घातलं. बाईंनी अर्धा तास शाळेबद्दल सांगितलं आणि ते ठणठणीत चाललं. म्हणजे टॅब्लेट निर्दोष, चूक आमचीच. मग बाविसावं. बाई सांगत होत्या की एका वर्षी सहलीला गेलेल्या मुलांपैकी एक चुकला आणि सापडला तो नकाशा उलटा धरून बसलेला, अगदी खजील... तिथे पडदा काळा झाला. टॅब्लेट "अगदी" म्हणाला आणि मिटला. बाईंनी दोन्ही हात वर केले, बघा म्हणून.

सतरावं घातलं. चाललं.

आता अठरा ते बावीस एवढीच उरली. मी लॅपटॉपवर यादी काढली. विसावं आणि एकविसावं लंबूचं होतं. लंबू म्हणजे आमचा जुना सहकारी, मागच्या वर्षी दुसरी नोकरी धरून निघून गेलेला. अठरावं साहेबांनी रंगरूप बदललं ते. बाविसाव्यात नुसते आवाज वाढवले होते. आणि एकोणिसावं माझं होतं.

लंबूच असणार, मी स्वतःला सांगितलं. लंबूचं काम म्हणजे आधीच आनंदीआनंद. जो समोर नसतो त्याच्यावर ढकलणं सोपं असतं, आणि मी तर देव पाण्यात घालून बसलो होतो की विसावं चालावं. ते चाललं तर एकविसाव्यावर सरकेल आणि मी सुटेन.

विसावं अकराव्या मिनिटाला पडलं.

लंबू अजून हाताशी होता, कारण विसावंही त्याचंच. पण आता मला आक्का आठवायला लागल्या, आणि त्या काही डोक्यातून जाईनात.

आक्का आमच्याकडे तपासणीचं काम करतात. पूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण कान आणि चिकाटी विलक्षण. नवं व्हर्जन निघायच्या आधी त्या वर्तमानपत्रातल्या बातम्याच्या बातम्या टॅब्लेटवर लिहून बोलून बघायच्या. दहा महिन्यांपूर्वी त्यांनी तक्रारींच्या यादीत लिहिलं होतं, 'शब्द फार साठले की प्रोग्राम बंद पडतो. दोनदा झालं.' मी त्यांचा टॅब्लेट घेतला, सगळं पुसून प्रोग्राम नव्यानं टाकला, पाच मिनिटं चालवला, आणि तक्रारीपुढे लिहिलं, 'माझ्याकडे होत नाही.' तक्रार बंद. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वर आणखी म्हणालो, "आक्का, तुमची बोटंच जड आहेत हो. बिचारा टॅब्लेट तरी किती सोसणार?"

सगळे हसले. आक्काही हसल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या कामावर एकही तक्रार नोंदवली नाही. मी समजलो, माझं काम सुधारलं.

"चेहरा का उतरला?" बाईंच्या टॅब्लेटनं विचारलं.

"काही नाही. आता अठरावं घालतो."

अठरावं टाकलं, फाइल भरली. बाईंनी चष्मा काढून पुसला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत होता. मग त्या लिहू लागल्या, आणि यावेळी शाळेचं काही नव्हतं.

"माझा एक मोठा भाऊ होता. दादा. आई शेवटी आजारी पडली तेव्हा मी परगावी परीक्षेच्या कामाला होते. दादानं मला न विचारता आईला वृद्धाश्रमात ठेवलं. ती तिथे तीन आठवड्यांत गेली. मी त्याच्या दारात उभं राहून म्हणाले, आजपासून तू माझा भाऊ नाहीस. शेजारीपाजारी ऐकत होते. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही."

टॅब्लेट हे सगळं एकाच संथ सुरात सांगत होता. मी घड्याळाकडे बघायचं विसरलो.

"माझा आवाज गेला तेव्हा त्यानं निरोप पाठवला होता, येऊ का? मी उत्तर दिलं नाही. मागच्या महिन्यात त्याला झटका आला. त्याच्या मुलीनं कळवलं. बोलता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, पण ऐकू येतं आणि समजतं, असं डॉक्टर म्हणाले. मी गेले. दहा मिनिटं आत सोडतात. वाक्य घरून ठरवून नेलं होतं. तिथे लिहिलं आणि बटण दाबलं. टॅब्लेट म्हणाला, दादा, मी तुला जे बोलले होते त्याबद्दल मला. आणि बंद पडला."

बाई थांबल्या. रुमालाची गाठ चाचपून पुन्हा लिहू लागल्या.

"पुन्हा सुरू केला. पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदाही तेवढंच. दादा माझ्याकडे बघत होता. सिस्टर म्हणाल्या, वेळ संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला."

"बाई..." मी म्हणालो.

"त्याला काय वाटलं असेल? त्याबद्दल मला काय? मला अजून तसंच वाटतं? मला पश्चात्ताप नाही? मला म्हणायचं होतं, मला माफ कर."

टॅब्लेटनं ते वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. अडखळला नाही, मिटला नाही. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. जे दादाला ऐकवायचं ते एका परक्या माणसाला, तपासणीसाठी, ऐकवून झालं होतं.

अठरावं अर्धा तास चाललं. तासभर चाललं असतं.

मग मी एकोणिसावं टाकलं. बाईंना म्हणालो, तेच वाक्य पुन्हा लिहाल का? हे विचारताना मला माझीच लाज वाटली, पण त्यांनी लिहिलं. "त्याबद्दल मला," टॅब्लेट म्हणाला आणि काळा झाला.

पुन्हा टाकलं. पुन्हा तिथेच.

आता फक्त अठरा आणि एकोणीस शेजारी शेजारी ठेवून फरक बघायचा होता. तो पाहायची तशी गरजच नव्हती. मला आठवलं होतं. शब्द सुचवायला प्रोग्राम फार वेळ घेतो म्हणून मी शब्दांच्या यादीला मर्यादा घातली होती, वेग वाढावा म्हणून. चार हजार. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं होतं, पुरतील ना? मी म्हणालो होतो, "रोजच्या बोलण्यात चार हजार शब्द लागतात कुणाला?" यादी भरल्यावर पुढचा शब्द आला तर काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. जिना संपला तरी पाय पुढे टाकावा, तसा प्रोग्राम कोसळत होता.

बाईंची फाइल उघडली. शब्द मोजले. बरोबर चार हजार. दोन महिन्यांपूर्वी ती यादी भरली होती. तेव्हापासून जुने चार हजार शब्द त्या खुशाल बोलू शकत होत्या. पण जो शब्द दीड वर्षात एकदाही वापरला नव्हता, त्यापाशी प्रोग्राम त्यांचं तोंड बंद करत होता. खजील. माफ.

सापडलं? बाईंनी नुसत्या नजरेनं विचारलं.

त्या क्षणी काय काय मनात आलं ते सांगतो. वाटलं, 'हो, एक तांत्रिक अडचण होती, आता होणार नाही' एवढं म्हणावं. ते खोटंही नव्हतं. बाईंना व्हर्जन कुणाचं हे कळायचं काही कारण नव्हतं. बॅग भरायची, जिना उतरायचा. लंबू तर तोंड उघडायलाही इथे नव्हता.

पण बाई वाट बघत होत्या. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलासमोर शिक्षक उभे राहतात तशा, न रागावता.

"सापडलं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. कंपनीची म्हणजे तशी सगळ्यांची, पण ती ओळ मी लिहिली." मग चार हजारांचं सांगितलं. कुठल्या शब्दापाशी बंद पडतं, का पडतं, सगळं. "आणि हे दहा महिन्यांपूर्वी कळलं होतं. आमच्याकडच्या एका बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची चेष्टा केली. ऐकलं असतं तर दवाखान्यात..."



बाईंनी टॅब्लेटकडे हात नेला आणि मागे घेतला. तो बंद पडलेला होता. मी घाईघाईनं अठरावं घातलं. त्यात तीन-चार मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं समोरासमोर मुके बसलो होतो.

"पर्समध्ये कागद होता," अखेर टॅब्लेट म्हणाला. "दादाला वाचता येत नव्हतं. पण सिस्टरला वाचून दाखवा म्हणता आलं असतं. सुचलं होतं. मी केलं नाही. अकरा वर्षांनंतरचं माझं बोलणं दुसऱ्या कुणी बोलावं, हे मला नको होतं. हा तुमच्या प्रोग्रामचा दोष नाही."

"पण बाई..."

"मी तुमची सुटका करत नाहीये. तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे. आता तुम्ही जा. मी थकले."

मी गेलो. जिन्यात मला खूप वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सगळे यायच्या आधी आक्कांच्या टेबलापाशी गेलो. त्या डबा पिशवीतून काढत होत्या.

"आक्का, ती दहा महिन्यांपूर्वीची तक्रार. शब्द साठले की बंद पडतं ती. तुमचं बरोबर होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

"मग पुन्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात ना, बोटं जड आहेत."

त्या 'तुम्ही'नं मला सपकन लागलं. पूर्वी त्या मला 'अरे' म्हणायच्या, 'जेवलास का' विचारायच्या. कधी बदललं हे मला कळलंही नव्हतं. मी माफी मागितली. मग बाईंच्या दादाचं सांगितलं. ऐकता ऐकता आक्का खाली बसल्या. "म्हणजे मीही गप्प बसले," त्या हळूच म्हणाल्या. "चिडून गप्प बसले." मी म्हणालो, असं म्हणू नका, यात तुमचा काय दोष. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही नका ठरवू."

दुपारी सगळ्यांना बोलावून मी काय झालं ते सांगितलं, चहाच्या वेळच्या त्या विनोदासकट. कोणी हसलं नाही. साहेबांचं म्हणणं पडलं की नव्या व्हर्जनसोबत 'स्थैर्यात सुधारणा' एवढंच लिहावं. लोकांना घाबरवायचं कशाला? आमचा वाद झाला. शेवटी साहेब म्हणाले, "तुझी चूक आहे ना, मग तूच लिही काय लिहायचं ते." मी सगळं लिहिलं.

चार हजारांना पोचलेली किंवा पोचत आलेली आणखी आठ माणसं निघाली. मी प्रत्येकाच्या घरी फोन केला. बहुतेकांनी हो का, बरं, म्हणून ठेवला. एका घरी मुलानं फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्ही समजत होतो बाबांनाच आता जमत नाही. बोलता बोलता मधेच थांबायचे. आम्हाला वाटलं डोकं चालेना. टॅब्लेट चार महिने कपाटात ठेवलाय आम्ही." मी म्हणालो, मी येऊन सुरू करून देतो. गेलो. बाबा खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते. टॅब्लेट चार्ज होईपर्यंत मुलगा त्यांच्या पायाशी बसून तेच तेच सांगत होता, "बाबा, तुमचं काही चुकत नव्हतं हो. मशीनचं चुकत होतं." मी त्याला दुरुस्त केलं. मशीनचं नव्हे, माझं. बाबांनी टॅब्लेट हातात घेतल्यावर पहिलं वाक्य लिहिलं ते मुलासाठी. मला ते ऐकायचा अधिकार नव्हता म्हणून मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बाईंनी नवं व्हर्जन घेतलं नाही. मी बत्तिसावं पाठवलं, सोबत पत्रही. त्यांचं उलट कार्ड आलं, 'अठरावं चालतं आहे. तेच राहू द्यावे.' अठरावं जुनं आहे, टॅब्लेटची मूळ प्रणाली बदलली की ते नीट चालत नाही. मग त्या कळवतात आणि मी जातो. साहेब एकदा म्हणाले, एका माणसासाठी एवढा वेळ? आक्काच मधे बोलल्या, "जाऊ दे त्यांना."

वर्ष होत आलं. आतापर्यंत चार वेळा गेलो. बाई दार उघडतात, पाणी ठेवतात, आणि मी काम करत असेपर्यंत शेजारच्या खोलीत वही घेऊन बसतात. दादाचा विषय पुन्हा निघाला नाही. मागच्या खेपेला त्यांची पुतणी आलेली होती, दादाची मुलगी. ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिनं विचारलं, "तुम्ही कंपनीचे का?" मी हो म्हणालो. बाईंनी दारातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही लिहिलं नाही. पुतणीला त्यांनी काय सांगितलंय, सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मी काम उरकलं, अर्धा तास चालवून बघितलं, आणि निघालो.